धुनेतला थांबा

मुरुम, १० नोव्हेंबर १९६३

डॉक्टरांनी बोलायचं नाही असं सांगितलं आहे, लिहायचं नाही असं सांगितलेलं नाही. म्हणून ही वही.

सोलापूरला घशातली गाठ काढली. आता महाशिवरात्रीपर्यंत तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. कुजबुजायचंही नाही, ते म्हणे बोलण्यापेक्षा वाईट. शिवरात्रीच्या आधी तपासतील आणि मग सांगतील, आवाज परत आला की गेला. "गाता येईल का?" असं मी कागदावर लिहून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "आधी जेवायला वाढ म्हणता येऊ द्या."

डॉक्टर मुरुमचे नाहीत, म्हणून हसू शकले. या गावात मला शिवलिंगप्पा कापडवाला म्हणून कमी आणि शिवलिंगप्पा भजनवाला म्हणून जास्त ओळखतात. महादेवाच्या देवळात दर सोमवारी भजन मी उठवतो. शिवरात्रीचं तर मीच, वडिलांच्या मागं दुसऱ्या कुणी उठवलेलं नाही. आवाज नसला तर मी कोण, हा प्रश्न मला इस्पितळात पडला आणि अजून सुटलेला नाही. गजाने कापड मोजणारा एक माणूस, बस. आता तर गजही गेला, मीटर आलं.

बोलण्यासाठी पाटी घेतली आहे. घरी आल्या आल्या मल्लम्मानं तांब्याभर पाणी दिलं, समोर बसली आणि गावातल्या सगळ्या बातम्या सांगून टाकल्या. मी पाटीवर काही लिहायला घेईपर्यंत ती पुढच्या बातमीवर गेलेली असायची. शेवटी म्हणाली, "लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा माझं बोलणं पुरं झालं बगा."

बायकोला नवऱ्याच्या दुखण्याचं एवढं तरी वाटायला हवं होतं.

१४ नोव्हेंबर

दिवाळीचं गिऱ्हाईक आणि मालक मुका. बोलणाऱ्याची मातीही विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, ते मी आज गादीवर बसून बघितलं. एक बाई लुगड्याचा रंग टिकेल का विचारत होती, मी जोरजोरात मान हलवत होतो. ती शेजारणीला म्हणाली, "मालकावरनं वारं गेलं का काय गं?"

तेवढ्यात मल्लम्मा हात पुसत आतून आली आणि गादीच्या कडेला बसली. बायका-बायकांत काय बोलणं झालं कोण जाणे. मी ठाण उचलून द्यायचं आणि घडी घालायची, एवढंच काम उरलं. संध्याकाळपर्यंत लुगड्यांचं एक कपाट रिकामं झालं. सणाचे दिवस, खप व्हायचाच.

२४ नोव्हेंबर

आमच्या माडीवर वेंडेल नावाचा अमेरिकन पोरगा भाड्याने राहतो. त्यांच्या सरकारने खेडोपाडी कामाला पाठवलेल्या तरुणांच्या शांतिसेनेतून आला आहे, तालुक्यात लोकांना पांढऱ्या कोंबड्या पाळायला शिकवतो. आम्ही लिंगायत, म्हणून अंडं घरात आणायचं नाही या अटीवर खोली दिली. तो अट पाळतो. गावाला त्याचं नाव उच्चारता येत नाही, सगळे त्याला येंडल म्हणतात. त्याचं मराठी पुस्तकातलं आहे. "मला किंचित दुग्ध हवे आहे," असं तो मल्लम्माला म्हणाला होता, त्यावर ती दोन दिवस हसत होती.

काल रेडिओवर सांगितलं की त्यांच्या राष्ट्राध्यक्षाला गोळी घातली. आज सकाळपासून गाव माडीवर. कुणी गेलं की आपण जातो तसे लोक आले, भिंतीला टेकून बसले. लिंबाजी पाटलांनी विचारलं, "त्ये तुमचं कोण लागत हुतं?" लिंबाजी म्हणजे आमच्या भजनातला टाळकरी, जमीनदार माणूस, तंबाखू एका गालात आणि मत दुसऱ्या गालात तयार.

वेंडेल म्हणाला, "कोणी नाही. मी त्यांना मतही दिले नाही. तेव्हा माझे वय बसत नव्हते."

"मंग रडू नका. आमच्यात गांधीबाबाला बी असंच मारलं. दुनिया हायच तसली."

प्रत्येकाने काही ना काही सांगितलं. मलाही खूप सांगायचं होतं, दोन-तीन चांगल्या म्हणी जिभेवर होत्या. पण पाटी खालीच राहिली होती. सगळे उठून गेले, मी बसून राहिलो, कारण काही न बोलता उठायचं कसं हे मला कळेना.

मग त्याने भिंतीवरच्या खुंटीवरून गिटार काढली. मी ती आजवर फक्त लटकलेली पाहिली होती. दोन बोटांत एक छोटी नखी धरून तो वाजवायला लागला. सूर एकेक करून पडत होते, सुटे, स्वच्छ, आणि तरी एकामागून एक धावत होते. दोन भाग. पहिला दोनदा, दुसरा दोनदा, आपल्या अस्थायी-अंतऱ्यासारखे. दुसऱ्या भागात धून वर चढते, आणि चढता चढता एका जागी तो थांबला. हात वरच्या वर राहिला. मग उतरला. दुसऱ्या वेळी पुन्हा तिथेच थांबला.

त्याचं दुःख त्या जागी आहे, असं मला वाटलं. खाली जाऊन पाटी आणली आणि लिहिलं : शिकव.

तो पाटी अक्षरं लावत वाचतो. वाचून म्हणाला, "आप्पासाहेब, या गावात फक्त तुमचेच बोलणे मला पूर्ण कळते."

२ डिसेंबर, सोमवार

भजनाला गेलो. माझ्या जागी लिंबाजीने म्हटलं. आवाज मोठा, सूर थोडा. शेत राखताना हाकारे घालतात तसा. लोक मात्र डुलत होते. शेजारच्या चाँदपाशाला विचारलं, म्हणजे पाटीवर, कसं वाटलं? चाँदपाशा शिंपी, त्याचं मशीन माझ्या दुकानाच्या ओट्यावर असतं, त्यामुळे तो माझं मन राखील अशी अपेक्षा होती.

"अच्छा म्हणतो की. दिल से म्हणतो," म्हणाला.

कानामागून आली आणि तिखट झाली. टाळ वाजवायचा तो माणूस. घरी येऊन जेवलो नाही. मल्लम्माने ताट झाकून ठेवलं.

बोटांच्या टोकांना फोड आले आहेत. तार दाबली की जीव जातो. तीस वर्षे नुसत्या गळ्यावर गाणाऱ्याला कुठे ठाऊक, की सुराला एवढं दुखतं.

११ डिसेंबर

वेंडेलची शिकवण्याची पद्धत एकच. "खाली, वर, खाली, वर." नखी तारेवर एकदा खाली मारायची, एकदा वर. दोनदा खाली चालत नाही. सूर असो नसो, हात मात्र हलता ठेवायचा. जिथे सूर नाही तिथे तारेला न लागता फिरवायचा. मी नेहमी दोनदा खाली मारतो. तो म्हणतो, "आप्पासाहेब, तुमचा हात भाषण करतो. त्याला चालू द्या."

दुसरी अडचण पडद्यांची, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची. गळ्यात मी एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, हवा तेवढा रेंगाळतो. इथे पडद्यामागे बोट ठेवलं की सूर तिथेच. मागे नाही, पुढे नाही. माझं सगळं कसब रेंगाळण्यात होतं, हे मला पहिल्यांदा कळलं. याला रेंगाळून चालत नाही.

पहिला भाग मोडकातोडका येतो. दुसऱ्या भागात तो थांबा येतो तिथे मी मात्र उत्तम थांबतो. वेंडेलपेक्षाही चांगला. या थांब्यावर मी बराच विचार केला आहे. आपल्या भजनात एवढी मोकळी जागा कुणी ठेवत नाही, कुणीतरी आत घुसेल म्हणून भीती असते. या लोकांनी चढत्या धुनेच्या मध्यावर जागा सोडली. माणूस चढतो, थांबतो, खाली बघतो, मग उतरतो. चाँदपाशाला हे सगळं पाटीवर तीनदा पुसून लिहून दाखवलं. त्याने सुई तोंडात धरून मान डोलावली.

२३ डिसेंबर

नखी हरवली. कोंबड्यांनी खाल्ली असेल, असं वेंडेल म्हणतो. त्याच्याकडे दुसरी नाही, आणि बोटाने ती धून होत नाही. चाँदपाशाला कळलं तसं त्याने सदऱ्याच्या कॉलरमध्ये घालायची पट्टी काढली, कात्रीने कोपरे गोल केले, दगडावर घासली.

"घ्या आप्पा. आता तुमची गिटार भी कॉलर ताठ करून बोलंल."

चांगली चालते. आवाज थोडा जाडा येतो, पण माझ्या हाताला तोच बरा.

मल्लम्मा मागच्या सोप्यात आमटीला लावायचं येसर दळत बसली होती. ज्वारी गिरणीतून येते, पण येसराला तिला जातंच लागतं. लग्न नवीन होतं तेव्हा ती दळताना म्हणायची. मी एकदाच सांगितलं होतं, सूर सांभाळून म्हण, शेजारी ऐकतात. तेव्हापासून फक्त जात्याचा आवाज येतो. गाणं सगळ्यांच्या नशिबात नसतं, आणि ती शहाणी आहे, एकदा सांगितलेलं तिला पुरतं.

५ जानेवारी १९६४

दुसऱ्या भागात चढताना एका तारेवरून दुसरीवर जायचं, तिथे माझी नखी अडकते. शंभरदा केलं. अंगण वाकडं म्हणायचीही सोय नाही, कारण वेंडेल त्याच गिटारवर सरळ वाजवतो.

आज मी माडीच्या जिन्यात बसून तोच तुकडा घासत होतो आणि खालून जात्याबरोबर कोणीतरी तोच तुकडा गुणगुणतंय, असा भास झाला. भास नव्हता, मल्लम्मा होती. मी चुकलो की ती पुढे जायची, म्हणजे बघा. मी जिथे अडकायचो तिथून ती सहज पलीकडे. राग आला. खाली जाऊन पाटी धरली : चेष्टा पुरे.

तिला वाचता येतं. वाचलं, पदराने कपाळ पुसलं आणि दळायला लागली.

"चेष्टा न्हाय केली," एवढं म्हणाली.

१७ जानेवारी

आज माझी शोभा झाली.

संक्रांतीचे तीळगूळ घेऊन लिंबाजी आला होता. वेंडेलही ओट्यावर होता. मी गिटार घेऊन बसलो होतो. हल्ली वाजवण्यात काही राम नाही. चेष्टा थांबल्यापासून तर तो तुकडा आणखीच बिघडला आहे. बहुतेक नखी नवीन, म्हणून. तरी थांबा मी नेहमीसारखा मनापासून घेतला. डोळे मिटून. उघडले तर वेंडेल हसत होता.

मी लिहिलं : का हसतोस? हा थांबा तुमच्या धुनेचा आत्मा आहे. कुणी बसवला?

तो वाचत गेला आणि जास्तच हसायला लागला. मग सांगितलं. त्याने ही धून आजोबांकडून घेतली. डोंगरातलं लाकडी घर, बाहेर ओटा, आजोबा संध्याकाळी तिथे वाजवत बसायचे. त्यांच्या तोंडात कायम तंबाखू. दुसऱ्या भागात चढता चढता तोंड भरायचं, म्हणून ते थांबून ओट्याखाली थुंकायचे, आणि मग उतरायचे. पोराने पाहिलं तसं उचललं. शहरात गेल्यावर त्याला कुणीतरी सांगितलं की या धुनेत थांबा नसतो. पण तोवर हाताला सवय लागली होती, आणि तोवर आजोबाही गेले होते.

लिंबाजीला समजावून सांगावं लागलं नाही. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "व्हय की! मला वाटलंच, ह्यात तंबाकूवाला माणूस हाय. शाना माणूस. सूर सोडला, पर थुकायचं न्हाय सोडलं!" आणि ओट्यावरून खाली एक पिचकारी मारून त्याने तो थांबा जिथल्या तिथे भरून दाखवला.

मी थुंकीवर तत्त्वज्ञान केलं होतं. चाँदपाशा मशीनवर इतका खाली वाकला होता, की त्याचं नाक सुईला लागलं असतं.

२८ जानेवारी

थांबा काढून टाकायचा ठरवलं, पण हात ऐकत नाही. वेंडेलसारखंच माझंही झालं. एका परक्या म्हाताऱ्याची थुंकी माझ्या मनगटात राहायला आली आहे.

पण आज एक चांगली गोष्ट झाली. दुपारी मल्लम्मा हरभऱ्याची डाळ भरडत होती आणि विसरून पुन्हा गुणगुणायला लागली. मीही पाटी शोधली नाही, कंटाळा आला. जिन्यात बसून वाजवत राहिलो. आणि काय झालं कोण जाणे, नखी त्या तारेवरून या तारेवर पाण्यातून जावी तशी गेली. पुन्हा केलं, पुन्हा गेली. अखेर सरावाला फळ येतंच.

एक गंमत दिसली. थांब्याच्या जागी ती जात्यात मूठभर डाळ टाकते. तेवढा वेळ तिचाही हात खुंट्यावरून सुटतो, आणि मग दोघांचे हात एकदमच पुन्हा चालू लागतात. जात्यालाही घास लागतो, म्हणजे आजोबांचं अगदीच चुकलं नव्हतं.

वेंडेल वर उभा राहून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "आप्पासाहेब, मल्लम्माबाई तुम्हाला शिकवतात."

पोरगा हुशार आहे, पण मराठी कच्चं. शिकवतात आणि चिडवतात यांतला फरक त्याला अजून कळत नाही.

६ फेब्रुवारी

सोलापूरहून आलो. मल्लम्मा बरोबर होती.

डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला. "आ म्हणा," म्हणाले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडून आवाज सोडला. दाराची बिजागरी करते तसा आला. मला वाटलं दुसरंच कुणी खोलीत आहे.

जखम भरली. शिवरात्रीपासून थोडंथोडं बोलायचं. आवाज असाच राहणार, बसका. "आणि गाणं?" मी लिहिलं. या वेळी डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "शिवलिंगप्पा, गाणं आता ऐकायचं."

बस सुटेपर्यंत स्टँडवर बसून होतो. रडू आलं, लपवता आलं नाही. माणसाचं नाक गेलं, कान गेला, तर लोकांना दिसतं. माझं जे गेलं ते कुणाला दाखवू? मल्लम्माने पिशवीतून लुगड्याची घडी काढली आणि माझ्या तोंडासमोर अशी उघडून धरली, की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, नवरा-बायको काठ बघतायत. बराच वेळ धरली. हात दुखले असतील.

बसमध्ये अर्धी वाट सरल्यावर ती म्हणाली, "घरी जाऊन गरम वरण-भात खाऊ."

९ फेब्रुवारी

गावात पैज लागली आहे. शिवरात्रीला आप्पा तोंड उघडणार, तर पहिला शब्द कोणता? लिंबाजी म्हणतो, देवाचं नाव. चाँदपाशा म्हणतो, एखादी म्हण, दुसरं काही असूच शकत नाही. हरणाऱ्याने सगळ्या भजन्यांना पेढे वाटायचे. गाणं गेलं हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आज लिंबाजी स्वतः आला. तंबाखू थुंकून, तोंड धुऊन आला, म्हणजे काम मोठं.

"आप्पा, शिवरात्रीला भजन तुमीच उठवायचं. म्या मागं टाळ घिऊन बसतो. ह्ये तीन महिने म्हनलं, पर तुमच्या जागंवर न्हाय बसलो. कडंला बसलो. बगितलंत का न्हाय?"

बघितलं नव्हतं. त्याचा सूरच तेवढा बघत होतो.

तो गेल्यावर पाटीवर मल्लम्माला लिहिलं : मी जाणार नाही. अंग मोडून आलंय म्हणून सांग.

ती म्हणाली, "मी खोटं सांगणार न्हाय. गळा न्हाय तर न्हाय. हात घिऊन जावा."

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, दुपार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

दिवेलागणीला देवळात गेलो. गिटार वेंडेलने आणली होती. अंगणभर माणसं, उजवीकडे खांबांच्या पलीकडे बायका, त्यांत मल्लम्मा. माझी जागा खरोखरच रिकामी होती. सतरंजीचा तेवढा भाग नवा वाटत होता. बसलो. पखवाज थांबला. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. लिंबाजीने टाळ वर धरले होते, माझ्या पहिल्या शब्दावर वाजवायला.

मी तोंड उघडलं नाही. कॉलरची पट्टी खिशातून काढली आणि सुरू केलं. खाली, वर, खाली, वर. हात चालत होता. पहिला भाग दोनदा झाला. कुणीतरी मागे म्हणालं, "आप्पा सतार वाजवाया लागले की!" कुणीतरी त्याला गप्प केलं. दुसरा भाग धरला, चढलो, त्या तारेवरून या तारेवर गेलो, आणि थांब्याला आलो.

हात वर राहिला. ही जागा आधी त्या म्हाताऱ्याची होती, मग वेंडेलची, मग माझी. पण काल तिथे थांबलो तेव्हा मला त्यांच्यापैकी कुणी आठवलं नाही. मला डाळीची मूठ दिसली. तिच्याशिवाय पुढे जाता येईना. जिन्यात बसून मी काय वाजवत होतो आणि कुणाच्या मागून जात होतो, ते मला तेव्हा, तिथे, एवढ्या लोकांसमोर कळलं. मी खांबांकडे वळलो.

"म्हण," मी म्हणालो.

आवाज बिजागरीचाच होता. पण ऐकू गेला.

मल्लम्मा हलली नाही. बायकांनी तिला कोपराने ढोसलं असेल. मी पुन्हा चढून त्याच जागी आलो आणि हात वर धरून तिची वाट पाहिली. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, मान खाली घातली, आणि दळायला बसल्यासारखी म्हणायला लागली.

जात्या तुला घास देते, तवा फुटं तुझा कंठ
माझ्या मुक्या धन्यासाठी, किती भरू बाई मूठ

धून तीच, डोंगरातली, थुंकणाऱ्या आजोबांची. शब्द मी कधी ऐकलेच नव्हते. एवढे दिवस ती ओठ मिटून गुणगुणत होती, आत हे होतं. बायका आधी हसल्या. मग दुसरी ओवी आली, तिसरी आली, आणि हसू थांबलं. तिचा सूर हलला नाही. मी मुद्दाम कान लावून बघितला, वाईट सवय आहे, पण नाही हलला. आणि तो थांबा राहिलाच नाही. तिथे तिचा शब्द येत होता, माझा हात त्याखालून नुसता जात होता. लिंबाजीने टाळ कधी धरले कळलं नाही. त्याने अगदी हळू धरले होते.

संपल्यावर पैजेचं भांडण झालं. लिंबाजी म्हणाला, देवाचं नाव नाही आणि म्हण पण नाही, दोघं हरलो. चाँदपाशा उठून उभा राहिला. "वा रे वा! आप्पा काय म्हणाले? म्हण! सगळ्यांनी ऐकलं. म्या काय सांगितलं हुतं? म्हण! पेढे काढा." पुजाऱ्यानेही चाँदपाशाच्या बाजूने निकाल दिला. आज दुपारी लिंबाजीने पेढे वाटले, आणि पहिला पेढा मल्लम्माला दिला.

सकाळी उठलो तेव्हा मागच्या सोप्यातून आवाज येत होता. मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. मी जिन्यात जाऊन बसलो, वाजवलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तसं ऐकत बसलो. वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं होतं.

वेंडेल कोंबड्यांकडे निघाला होता. वरच्या पायरीवर थांबला, माझ्याकडे बघून हसला, आणि माझ्या बाजूने उतरून गेला.

'शिकवतात' असं तो म्हणाला होता. त्याचं मराठी मी समजत होतो त्यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे.